माहीत आहे, सांगणार नाही

फोन टिंग करून वाजला की माझी मान अजून डावीकडे वळते. सुकटीची टोपली सोडून, गिऱ्हाईक सोडून, आधी डावीकडे. तिथे भांड्यांच्या दुकानाच्या पायरीला लागून बाईंचं टेबल असायचं. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकणारा उभा असतो. चांगला आहे बिचारा, मला मावशी म्हणतो, पण मी सारखी त्याच्याकडे का बघते हे त्याला काय माहीत! एकदा म्हणाला, "मावशी, कव्हर पायजे का?" म्हटलं, "नको रे बाबा, तू जरा बाजूला सरक." सरकला बिचारा. मागे नुसती भिंत होती.

बाई म्हणजे टायपिंगवाल्या बाई. नाव होतं त्यांना, पण पनवेलच्या मासळी बाजारात ते कधी कुणी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. आधी त्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायच्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीच्या भानगडी. मग कॉम्प्युटर आले, झेरॉक्सवाल्यांनी ते काम उचललं, आणि बाई आपलं टेबल उचलून आमच्या बाजाराच्या तोंडाशी येऊन बसल्या. स्वतः मासे खात नव्हत्या. वास सहन होत नसे म्हणून डाव्या हातात कायम एक लिंबू. दोन ओळी झाल्या की लिंबू हुंगायचं, पुढे काम चालू. मी एकदा विचारलं, "एवढा तरास होतो तर इथं कशाला बसता?" म्हणाल्या, "वाचता न येणाऱ्या बायका इथे सगळ्यात जास्त आहेत. मला गिऱ्हाईक पाहिजे, सुवास नको."

ते खरंच होतं. उरणकडून, खाडीकाठच्या गावांतून येणाऱ्या आमच्या बायका. भाव तोंडपाठ, भरती-ओहोटी तोंडपाठ, पण कागद पुढे आला की गप्प. मीही त्यातलीच. पंचेचाळिशी उलटल्यावर सुकट बांधायच्या रद्दीवर मी एकेक अक्षर लावायला शिकले. अर्धी बातमी वाचून होते न होते तोवर गिऱ्हाईक तो कागद घेऊन चालायला लागायचं. कितीतरी बातम्यांचा शेवट मला आजतागायत कळलेला नाही. बोलताना मी आमी-तुमीच बोलते, लिहायला बसले की मात्र पेपरातलं येतं, कारण अक्षरं तिथूनच आली. पण फोनवर लिहिणं काही जमलं नाही. माझं बोट रुंद, ती अक्षरं मुंगीएवढी. त्यामुळे माझंसुद्धा सगळं लिखाण बाईंच्याच टेबलावर.

पोरं म्हणतात, बोलून पाठवायचं ना, बटण दाबलं की झालं. अरे, पण सून जे लिहिते ते बोलून पाठवत नाही! आणि आपण बाजारात बसून बोललो म्हणजे आजूबाजूच्या चार टोपल्यांना फुकटात ऐकवलं.

बाईंची पद्धत अशी. फोन खवलं पुसून त्यांच्या हातात द्यायचा. मग त्या टेबलाखालून पुठ्ठ्याची नळी काढायच्या, कॅलेंडर गुंडाळून येतं तसली. एक टोक बाईंच्या तोंडाला, दुसरं जिचा फोन तिच्या कानाला. त्या नळीतून हळू आवाजात निरोप वाचायचा. अख्खा बाजार हसायचा. "बाईनी परत कान फुंकला गो!" असं ओरडायचा. बाईंना काही नाही. वाचून झालं की नळी खाली आणि लगेच मोठ्यानं तेराचा पाढा. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, थेट तिसापर्यंत... नाही, दहापर्यंतच, मी वाढवून सांगते आहे.

"हे काय करता?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"डोक्यातून पुसते."

"पुसलं जातं?"

"नाही. पण तेराचा पाढा पक्का झालाय."

लिहायच्या म्हणजे फोनच्या काचेवर एकच बोट टाइपरायटरवर हाणावं तसं हाणायच्या. ओळ संपली की डावा हात हवेतच बाजूला सरकवायच्या, जुन्या मशीनचा तो दांडा ढकलल्यासारखा. आणि निरोप कसलाही असो, वर "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" आणि खाली "कळावे, लोभ असावा" असल्याशिवाय पुढे पाठवायच्या नाहीत. "येताना कोथिंबीर आण" एवढंच कळवायचं असलं तरी लोभ असावाच. कुणाकुणाची पोरं चिडायची, आई मित्रांसमोर लाज काढते म्हणून. बाई म्हणायच्या, "कोऱ्या तोंडाचा निरोप माझ्या हातून जाणार नाही."

नवा फोन आला की त्या आधी वर येते ती पिवळी पट्टी वाचून दाखवायच्या. हा निरोप कुलूपबंद आहे, पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही, अगदी कंपनीलासुद्धा, तो वाचता येत नाही. करंजा गावच्या एका म्हातारीनं ते नळीतून नीट ऐकून घेतलं, नळी बाजूला केली आणि विचारलं, "मंग तू कशी वाचतंस गो?" बाईंना मी पोट धरून हसताना पाहिलं ते तेवढं एकदाच. लिंबू खाली पडलं.

वाईट बातमी असली की त्या आधी तांब्या पुढे करायच्या. "पाणी पी, मग वाचते." हे बायकांना इतकं ठाऊक झालं होतं की तांब्या दिसला की पदर डोळ्याला. एकदा मे महिन्यात एक जण उन्हातून धापा टाकत आली, बाईंनी माणुसकीनं पाणी दिलं, तर ती पायरीवर बसून ऊर बडवायला लागली. "गेला गो, गेला माझा!" चौघी धावल्या. बाई ओरडताहेत, "अगं ऊन आहे म्हणून दिलं, ऊन!" फोनमध्ये काय होतं? नातवाचा पास झाल्याचा निकाल.

आणि एकदा एकीचा नवरा आला. बायकोचा फोन टेबलावर आपटून म्हणाला, "वाचा. फोन मी घेऊन दिलाय."

बाई म्हणाल्या, "मासे कापायची कोयती पण तूच घेऊन दिलीस ना? ती मागून बघ आधी."

"तुमाला म्हायती हाय तिला कोन लिवतो ते."

"माहीत आहे. सांगणार नाही."

हेच त्यांचं. 'मला काय माहीत' असं म्हणून मोकळं व्हायला काय जातं हो? मी त्यांना किती वेळा सांगितलं, बाई, खोटं बोला, एवढंसं खोटं, कुणाचं काही बिघडत नाही. त्या म्हणायच्या, खोटं बोलले की उद्या माझं वाचलेलंही खोटं वाटेल. त्यामुळे विचारणाऱ्याला कळायचं की काहीतरी आहे, आणि काय आहे ते मात्र कळायचं नाही. माणसाला याचा किती राग येतो ते मी पुढे स्वतः अनुभवलं.

भांड्यांच्या दुकानात टीव्ही चालू असायचा. त्यात तेव्हा सारखं तेच. सरकार म्हणतंय, मेसेज पहिला कुणी पाठवला ते सांगा. कंपनी म्हणतेय, कुलपाची किल्ली आमच्याकडेच नाही, आम्हाला दिसतच नाही, सांगायचं कुठून? कोर्टात भांडण. बाई एका हाताने कुणाचा तरी फॉर्म भरत ऐकायच्या. एक दिवस म्हणाल्या, "कंपनीचं सोपं आहे. दिसत नाही म्हणून सांगत नाही, हे कुणालाही जमेल. दिसत असताना सांगायचं नाही, तिथे खरं काम आहे." मी म्हटलं, "मग तुमी घ्या त्यांची कंपनी चालवायला." म्हणाल्या, "तिथे लिंबू मिळेल का विचार."

तर आता ते सांगते, ज्याच्यासाठी लिहायला बसले.

खाडीत मासे मेले. पहाटे गेलेल्यांना पांढरी पोटं वर आलेली दिसली, पाण्याला तांबूस रंग, वास असा की नाकात दोन दिवस राहिला. हे आधीही झालं होतं, पण या वेळी कुणीतरी फोटो काढला आणि तो फोटो खाली मजकूर लिहून फिरायला लागला. तळोज्याच्या कारखान्यांच्या नाल्याच्या तोंडाशी जी कंपनी आहे तिने पाणी सोडलं असं त्यात सरळ लिहिलं होतं म्हणे, मी काही तेव्हा तो वाचला नव्हता. दुपारपर्यंत तो कामोठ्याला, संध्याकाळपर्यंत कुठे कुठे पोचला. लोकांनी मासे घेणं बंद केलं. समुद्रातून आलेली ताजी पापलेटं तशीच बर्फात. बायका तो मेसेज पाठवणाऱ्याला शिव्या घालत होत्या. त्यात माझी सुकट मात्र हातोहात खपत होती, कारण ती जुनी. त्यावरून टोमणे. "सुकटवाले, तूच केलास ना ह्या उद्योग? खरा सांग!"

आणि माझा भाचा त्याच कंपनीत कंत्राटावर होता. भावाचा मुलगा, पण भाऊ गेल्यावर माझ्याच घरी वाढलेला. त्यानं तो मेसेज कामगारांच्या ग्रुपवर पुढे ढकलला. बस, एवढंच. कंपनीनं अफवा पसरवल्याची तक्रार केली, त्याला गेटवरून परत पाठवलं, पोलिसांनी फोन जमा केला. रोज सकाळी हजेरी. तुला कुणी पाठवला? त्याला कुणी पाठवला? साखळी लावत लावत कुठेतरी तुटायची. साहेब म्हणायचे, फोनवाल्या कंपनीला लिहिलंय, तिचं नि सरकारचं वरती भांडण चाललंय, उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर तूच. पोरगा जेवेना. लग्न ठरत आलेलं, तिकडच्यांनी "बघू" म्हणून कळवलं.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी त्याचा फोन माझ्यापुढे धरला. "आजी, वाचता येतं का?"

काय सांगू तुम्हाला, मला अभिमान वाटला. पोलीस ठाण्यात, पोरावर संकट असताना, मला अभिमान वाटला! म्हटलं, "येतं की." आणि चष्मा लावून मी मोठ्यानं वाचलं. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. खाडीत आज पहाटे मासे मरून वर आले आहेत. तळोज्याच्या नाल्याच्या तोंडाशी असलेल्या कंपनीने पाणी सोडले आहे. आमच्या पोटावर पाय आला आहे. सर्वांनी बघून घ्यावे. खाली मेलेल्या माशांचा फोटो आणि त्याच्याखाली, कळावे, लोभ असावा.

पुढे पाठवणाऱ्या हजार लोकांनी त्या ओळी तशाच ठेवल्या होत्या. साहेबांना वाटलं, कुणीतरी थट्टेनं लिहिलंय. मी म्हटलं, "हे आमच्या बाईंचं टायपिंग."

तोंडातून निघून गेलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. निघूनबिघून गेलं नाही. मी सांगितलं. मनात होतं, बाई एक नाव सांगतील, माझा पोर घरी येईल, झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब दोन शिपाई घेऊन बाजारात आले. मी टोपलीत मान घालून बोंबील निवडत होते.

"बाई, हे तुम्ही लिहिलंय?"

"टायपिंग माझं आहे."

"कुणाच्या फोनवर?"

"ते नाही सांगणार."

"म्हणजे माहीत नाही?"

"माहीत आहे."

साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारी आहे, समजली नाही. त्यांनी परत समजावून विचारलं. बाईंनी परत तेच सांगितलं. मग साहेब हसायचे थांबले. "बाई, एवढ्या मोठ्या फोनवाल्या कंपनीला सरकार सोडत नाही, तुम्ही कोण?"

बाई लिंबू हुंगून म्हणाल्या, "मी टायपिस्ट."

त्यांना चार दिवस ठाण्यात बोलावून बसवून ठेवलं. सकाळी जायच्या, संध्याकाळी यायच्या, पण नाव काही दिलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले. एका माणसाची खोली, खाटेवर तो जुना टाइपरायटर झाकून ठेवलेला. मी पायाच पडले. "बाई, एक नाव. फक्त एक. पोराचं लग्न मोडतंय."

"मला दिसतंय गं."

"मग?"

"ती जी कुणी आहे किंवा जो कुणी आहे, त्याच्या घरी पण असंच कुणीतरी असेल."

"तुमची स्वतःची पोरगी असती तर?"

"तरी नाही." मग म्हणाल्या, "उद्या असंच कुणी येऊन तुझं मागेल."

"माझं काय आहे मागण्यासारखं?" मी तावातावानं म्हटलं.

बाईंनी खाटेवरच्या टाइपरायटरवरचं फडकं सारखं केलं. आणि मला आठवलं, की आहे. वर्षभर त्याच टेबलावर बसून मी एका नंबरवर काय काय लिहवून घेतलं होतं ते आठवलं. काय होतं आणि कुणाला होतं ते इथे लिहिणार नाही. तुम्ही कौतुकानं वाचताय म्हणून काय सगळं सांगायचं? पण तेव्हा मला उमज पडायच्याऐवजी राग आला. मी म्हटलं, "दगड आहात तुमी." आणि जिना उतरले. आमचं शेवटचं बोलणं ते.

आठवड्याभरात भाच्याचा फोन परत मिळाला, हजेरी थांबली. मला वाटलं, नगरसेवकाला सांगून ठेवलं होतं त्याचा गुण. कंपनीनं त्याला कामावर काही परत घेतलं नाही, पण त्याला द्रोणागिरीला गोदामात काम लागलं, लग्नही झालं. बाईंवर मात्र केस झाली. पोलीस बाजारात येत-जात राहिले, तेव्हा भांड्यांच्या दुकानाचा शेठ हात जोडून म्हणाला, "बाई, माझ्या गिऱ्हाइकांना भीती वाटते." बाईंनी त्याच दिवशी टेबल मिटलं. माझ्यासमोरून गेल्या. मी एका गिऱ्हाइकाला जवळा देत होते, मान वर केली नाही. दोन महिन्यांनी खोली सोडून बहिणीकडे कोकणात गेल्या म्हणून ऐकलं. कोणत्या गावी, ते कुणालाच माहीत नाही. नंबर लावते, तो बंद लागतो.

पुढे एक हवालदार सुकट न्यायला आला. गप्पांत म्हणाला, "तुमचा पोरगा त्या बाईमुळे सुटला, आजी." मी म्हटलं, कसा? म्हणाला, तिनं टाइप करून अर्ज आणून दिला होता. टंकलेखन माझे आहे, सदर मुलाने फक्त पुढे पाठवले, त्याचा दोष नाही. मजकूर सांगणाऱ्याचे नाव मला माहीत आहे, ते मी सांगणार नाही, होईल ती कारवाई माझ्यावर करावी. साहेबांना कागदाला एक माणूस लागतो, तो मिळाला. मी विचारलं, अर्ज कधी दिला? त्यानं सांगितलेला दिवस मी मोजला. मी दगड म्हणून जिना उतरले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

तेव्हापासून मला बाई लागतात. फोन वाचायला नाही, तो आता मी रडतखडत वाचते. अशाच लागतात. दुपारी बाजार सुस्त झाला की शेजारी कुणी पाढा म्हणत नाही, लिंबाचा वास येत नाही. सून काहीतरी लिहिते, तीन शब्द, ना वर नमस्कार ना खाली लोभ, आणि मला वाटतं हे कुणीतरी नीट करून माझ्या कानात सांगायला पाहिजे होतं.

परवा मावऱ्याची, म्हणजे ताज्या मासळीची, पाटी घेऊन माझ्याशेजारी बसणारी म्हणाली, "आमी बाईना जाताना इचारला व्हता. तुमचा नाव पोलिसांना कोनी दिला? बाजारातलाच कोनतरी असंल ना?"

"मग? काय बोलली?"

"काय बोलनार! म्हायती हाय, सांगनार नाय." ती कोयती पुसत म्हणाली, "सांगितला असता तर त्या नाव देनारीला आमी ह्या बाजारात बसून दिली नसती. तुना काय वाटतं, कोन असंल?"

मी म्हटलं, "मना काय म्हायती."

तेवढंसं खोटं. बाईंना मी जे बोला म्हणायची, ते.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, ठाण्यात साहेबांनीच सांगितलं असणार. मी जिन्यावरून वर आले तेव्हाही ठाऊक होतं, पायावर डोकं ठेवलं तेव्हाही, आणि टेबल मिटून माझ्यासमोरून गेल्या तेव्हाही. माझ्याविरुद्ध एक शब्द त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी कुणाला दिला नाही, मलासुद्धा नाही.

वाचनालयाच्या अंकासाठी आठवणीतल्या माणसावर लिहा म्हणाले, म्हणून हे लिहिलं. पण आमच्या बाजारात अंक वाचणार कोण? म्हणून मी ठरवलंय. अंक हातात आला की सकाळी, सगळ्या टोपल्या लागल्या असताना, मी उभी राहून हे पहिल्यापासून वाचून दाखवणार आहे. पोलिसांना नाव मी दिलं, ही ओळसुद्धा. मोठ्यानं, शेवटच्या टोपलीपर्यंत जाईल असं. मग मला तिथे बसू द्यायचं की नाही, ते बायकांनी ठरवावं.